राजीनाम्यावर सही करू नका, आधी कारण लिहून घ्या

नाशिकच्या सिडकोतून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांचे मिस्टर अंबडला एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे भाग दाबून काढणारा कारखाना) आठ वर्षं रोलवर, म्हणजे कंपनीच्या पगारपटावर, होते, वय अडतीस, ग्रॉस पगार अठरा हजार. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून ३१ जानेवारीला त्यांना आणि लाईनवरच्या अजून काही जणांना "उद्यापासून येऊ नका" असं तोंडी सांगितलं. आता एचआरचा रोज फोन येतोय की येऊन राजीनामा लिहून द्या, मग लगेच फुल अँड फायनल, म्हणजे राहिलेला सगळा हिशोब, करतो. तिकडे व्हॉट्सअॅपवर कुणीतरी लिंक पाठवलीय की महाराष्ट्र सरकार बेरोजगारांना महिना पाच हजार भत्ता देतंय, आणि त्रिमूर्ती चौकातला एक सायबर कॅफेवाला पाचशे रुपयांत फॉर्म भरून देतो म्हणतोय. ईएसआयमधून, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या कामगार विम्यातून, पण काहीतरी मिळतं असं ताईंच्या भावाने सांगितलं. पण मिस्टर म्हणतात, मी सरकारपुढे हात पसरणार नाही, मला काम करून खायचंय. ताईंचा प्रश्न एवढाच की यातलं खरं काय, अर्ज कुठे करायचा आणि नवऱ्याला कसं समजवायचं. सासूबाईंना बीपी-शुगर आहे, त्यांची औषधं सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलातून येतात, ती पण बंद होतील का ही भीती वेगळी.

ताई, पहिले ते पाचशे रुपये वाचवा. महाराष्ट्रात नोकरी गेली म्हणून घरबसल्या दर महिन्याला भत्ता देणारी अशी काही सरसकट योजना नाहीये. त्या लिंका दर दोन-चार महिन्यांनी फिरतात, त्यात आधार नंबर मागतात, मग ओटीपी मागतात, आणि पुढे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. राज्याचं महास्वयम नावाचं रोजगार पोर्टल खरं आहे, तिथे मिस्टरांची नोंदणी जरूर करा, फुकट होते, पण नोंदणी केली म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण म्हणून जी योजना २०२४ ला आली त्यात बारावीवाल्याला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला आठ आणि ग्रॅज्युएटला दहा हजार विद्यावेतन ठेवलं होतं, पण ती अठरा ते पस्तीस वयासाठी, म्हणजे मिस्टर त्यात बसत नाहीत.

आता भावाने सांगितलेलं. ते खरंय, आणि अर्धवट खरंय.

ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, २०१८ च्या जुलैपासून. सुरुवातीला त्यात रोजच्या सरासरी कमाईच्या पंचवीस टक्केच मिळायचे, कोरोनात २०२० ला ते पन्नास टक्के केले आणि अटी पण सैल केल्या. नोकरी गेली तर जास्तीत जास्त नव्वद दिवसांचे पैसे मिळतात, आयुष्यात एकदाच. अट काय, तर नोकरी जायच्या आधी किमान दोन वर्षं ईएसआयमध्ये असायला हवं, लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन सहामाहींपैकी एकीत तरी ७८ दिवस हवेत. ईएसआयची सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. आठ वर्षं रोलवर असलेल्या माणसाला यात काही अडायला नको, फक्त कंपनीने कापलेले पैसे खरंच भरलेत का ते बघायला लागेल, त्याचं खाली सांगते.

किती मिळतील? इथे सगळे लोक चुकीचा हिशोब करतात, अठरा हजाराला सव्वीसने भागतात आणि खूप आकडा काढून बसतात. योजनेत हिशोब असा आहे की चार सहामाहींची एकूण कमाई घ्यायची आणि ७३० दिवसांनी भागायची. तुमच्याकडे सरळ धरलं तर अठरा हजार गुणिले चोवीस महिने म्हणजे चार लाख बत्तीस हजार, भागिले ७३०, म्हणजे दिवसाचे ५९१ रुपये आणि काही पैसे, त्याचे अर्धे २९५-९६, गुणिले नव्वद, म्हणजे साधारण २६,६३० रुपये. एखाद्या महिन्यात खाडे जास्त असतील तर कमी होतील. मधेच दुसरी नोकरी लागली तर जेवढे दिवस रिकामे गेले तेवढ्याचेच मिळतात. पण ती लपवून पूर्ण नव्वद दिवस मागू नका, खोटी माहिती दिली की हक्कच जातो.

सव्वीस हजार ऐकून तुम्हाला वाटेल चला, दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघाला. निघेल. पण ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट ही नाहीये. ती एचआरच्या फोनमध्ये आहे.

राजीनामा का मागतायत? कारण कंपनीने कामगाराला काम नाही म्हणून काढलं तर ती छाटणी होते, आणि छाटणीला पैसे पडतात. एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतंच आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जे नवीन लेबर कोड लागू झाले त्यात पण पंधरा दिवसांचा तो हिशोब तसाच आहे, वर अजून पंधरा दिवसांचा पगार रिस्किलिंग फंडात (नवीन काम शिकण्यासाठीच्या निधीत) टाकायचा, तो पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायला पाहिजे असं आहे. मिस्टरांचं ढोबळ धरा, पंधरा दिवसांचे नऊ हजार गुणिले आठ, बहात्तर हजार. वर नोटिशीचे अठरा. आता स्वतः "घरगुती कारणामुळे राजीनामा देत आहे" असं लिहून दिलं की हे सगळं गेलं, कारण कागदावर मग कंपनीने काढलंच नाही, माणूस आपणहून गेला. आणि तोच कागद उद्या ईएसआयच्या टेबलावर आडवा येणार, कारण अटल योजना ही नोकरी गेलेल्यांसाठी आहे, नोकरी सोडलेल्यांसाठी नाही. स्वेच्छानिवृत्ती, वयानुसार रिटायरमेंट आणि गैरवर्तनाबद्दल शिक्षा म्हणून काढलेला, हे तर सरळच बाहेर.

अजून एक गोष्ट आहे जी बहुतेक कामगारांना कुणी सांगतच नाही. ईएसआयमध्ये दुसरी जुनी योजना पण आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासून. ती कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर छाटणी झाली तर लागू होते, किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान चाळीस टक्के कायमचं अपंगत्व आलं तर. त्यात भत्ता नव्वद दिवस नाही, चोवीस महिन्यांपर्यंत जातो, पहिले बारा महिने सरासरी पगाराच्या पन्नास टक्के आणि पुढचे बारा महिने पंचवीस टक्के, वर स्वतःला आणि कुटुंबाला औषधपाणी. दोन्ही योजनांचे पैसे एकाच वेळी मिळणार नाहीत, पण हातात छाटणीचं पत्र असेल तर तीन महिन्यांऐवजी दोन वर्षांपर्यंतचं दार उघडू शकतं, आणि राजीनामा असेल तर दोन्ही दारं अर्धी-पाऊण बंद. म्हणून ईएसआयच्या ब्रांच ऑफिसला विचारताना नुसतं "बेरोजगारी भत्ता" म्हणू नका, या दोन्ही योजनांची नावं घेऊन विचारा. या योजनांना मुदतवाढ देत देत चालवतात, नियम पण मधून मधून बदलतात, त्यामुळे आज काय चालू आहे ते तिथेच कळेल, किंवा ईएसआयसीचा टोल फ्री नंबर आहे १८००-११-२५२६, त्यावर.

तर एचआरला काय सांगायचं. भांडायला जायची गरज नाही. मिस्टरांनी एक साधा ईमेल करायचा, किंवा हाताने लिहिलेला अर्ज रजिस्टर एडीने पाठवायचा, की ३१ जानेवारीला मला तोंडी सांगून कामावरून बंद केलं, मी कामाला यायला तयार आहे, काम नसेल तर मला लेखी पत्र आणि कायद्याप्रमाणे नोटीस पगार, छाटणी भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळावी. एवढंच. तारीख महत्त्वाची, कारण हे जर पाठवलं नाही तर महिन्याभराने कंपनी म्हणणार हा माणूस न सांगता गैरहजर आहे, आणि मग तुम्ही गैरहजेरीच्या नोटिशीला उत्तरं देत बसणार. गेटवर परत गेलात आणि आत घेतलं नाही तर त्याचा पण मेसेज करून ठेवा एचआरला, व्हॉट्सअॅपवर का होईना. एचआर म्हणेल राजीनामा दिला तर एक्स्पिरियन्स लेटर चांगलं देऊ, पुढे नोकरीला त्रास होणार नाही. हा डायलॉग सातपूर काय, अंबड काय, सिन्नर काय, सगळीकडे सारखाच आहे. ऑर्डर नव्हती म्हणून कमी केलं असं लिहिलेल्या पत्राने कुणाची नोकरी अडत नाही, प्रेस शॉपवाल्यांना माहिती असतं ऑर्डरी कशा जातात-येतात ते.

हां, कंपनी जर लेखी म्हणाली की राजीनामा द्या आणि त्याबदल्यात एकरकमी एवढे देतो, तर आकडा बघून विचार करा, मी काही लढाच म्हणणार नाही. पण त्या आकड्याची तुलना त्या बहात्तर अधिक अठरा हजारांशी आणि ईएसआयच्या पैशांशी करा. ग्रॅच्युइटी त्यात धरू देऊ नका, ती पाच वर्षं झाली की राजीनामा दिला तरी मिळतेच, शेवटच्या बेसिक अधिक डीएला सव्वीसने भागून गुणिले पंधरा गुणिले वर्षं, म्हणजे बेसिक-डीए अकरा हजार असेल तर आठ वर्षांचे पन्नास हजार सातशेच्या वर. कंपन्या बरेचदा हीच ग्रॅच्युइटी "आम्ही तुम्हाला पॅकेज देतोय" म्हणून पुढे करतात. आणि फुल अँड फायनल राजीनाम्याशिवाय होत नाही हे पण खरं नाही, नवीन वेतन संहितेत काढलं काय किंवा सोडलं काय, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचाय. ऐकत नसतील तर कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्ज द्या, तिथे वकील लागतोच असं नाही, आणि लाईनवरचे बाकीचे जण पण असतील तर सगळ्यांनी मिळून द्या, एकट्याच्या अर्जाकडे बघायची पद्धत आणि दहा सह्यांच्या अर्जाकडे बघायची पद्धत वेगळी असते.

आता अर्जाचं. नोकरी गेल्यापासून तीस दिवस झाले की क्लेम करता येतो, म्हणजे तुमच्याकडे मार्च लागल्यावर, आणि एक वर्षाच्या आत करायचा असतो. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. ईएसआयसीच्या वेबसाइटवर इन्शुअर्ड पर्सन म्हणून लॉगिन करा, युजर आयडी म्हणजे मिस्टरांच्या ईएसआय कार्डावरचा दहा आकडी नंबर. आत गेल्यावर प्रत्येक महिन्याला किती दिवसांची वर्गणी भरली ते दिसतं, त्याचे फोटो काढून ठेवा. पगाराच्या स्लिपा शोधा, निदान दोन वर्षांच्या. स्लिपवर कापलंय आणि पोर्टलवर दिसत नाही असा महिना निघाला तर तो आत्ताच ब्रांच ऑफिसच्या नजरेला आणून द्या. जानेवारीची वर्गणी कंपनीने १५ फेब्रुवारीपर्यंत भरायची असते, ती आली का बघा.

आणि आता ही गोष्ट नीट वाचा, कारण इथेच क्लेम अडकतात. दर महिन्याची वर्गणीची फाइल भरताना ज्या कामगाराचे शून्य दिवस असतात त्याच्यापुढे कंपनीला कारण निवडायला लागतं. त्यात "लेफ्ट सर्व्हिस" असतं, "रिट्रेंचमेंट" असतं, "नो वर्क" पण असतं, आणि शेवटचा कामाचा दिवस टाकायला लागतो. अकाउंटवाला पोरगा सवयीने "लेफ्ट सर्व्हिस" टाकून मोकळा होतो, त्याला काही वाईट करायचं नसतं, त्याला महिनाअखेर असते. तुमची फेब्रुवारीची फाइल १५ मार्चपर्यंत जाणार, म्हणजे अजून वेळ आहे. वरच्या अर्जातच एक ओळ टाका की ईएसआय आणि पीएफला माझं जाण्याचं खरं कारण आणि खरी तारीख टाकावी.

क्लेम ऑनलाइन भरून होतो, आधार आणि बँक पासबुकची कॉपी अपलोड करायची. पूर्वी यात स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागायचं, ते २०२० च्या नोव्हेंबरात काढून टाकलंय, त्यामुळे कुणी नोटरीचे पैसे मागितले तर कशासाठी ते विचारा. अपलोड नीट झालं नाही तर प्रिंट काढून सही करून कागदांसकट तुमच्या ब्रांच ऑफिसला द्यायचा, तुमचं ब्रांच ऑफिस कोणतं ते लॉगिनमध्ये दिसतं. कंपनीने क्लेम पुढे पाठवायची गरज नाही, हे मुद्दाम सांगते कारण पूर्वी तसं होतं आणि जुने लोक अजून तेच सांगतात. बँक खातं मिस्टरांच्याच नावावरचं पाहिजे. बँकांची विलीनीकरणं झाली तेव्हा कितीतरी खात्यांचे आयएफएससी बदलले, देना बँकेचं खातं असेल तर ते २०१९ पासून बँक ऑफ बडोदा आहे, पोर्टलवर जुनाच कोड पडलेला असेल तर बदलून घ्या. सॅलरी अकाउंट असेल तर अजून एक, पगार यायचा थांबला की बँक ते साधं खातं करते आणि मिनिमम बॅलन्सचे पैसे कापायला लागते, आधीच विचारून ठेवा.

नाव आधारवर एक आणि ईएसआयवर एक, वडिलांचं नाव मधे आहे-नाही, हा नेहमीचा घोळ. आणि कॉन्ट्रॅक्टवर काम केलेल्यांचा दुसरा घोळ, ताई तुमच्यासाठी नाही पण बाकी वाचणाऱ्यांसाठी सांगते, ठेकेदार बदलला की कितीतरी ठेकेदार नवीनच ईएसआय नंबर काढतात, मग एका माणसाचे दोन-तीन नंबर होतात आणि प्रत्येकावर थोडे थोडे दिवस, दोन वर्षं कुठेच पूर्ण दिसत नाहीत. नंबर एकच चालतो, बाकीचे जोडून घ्यायला ब्रांच ऑफिसमध्ये अर्ज द्यायचा. ज्यांचा पगार एकवीस हजाराच्या वर आहे म्हणून ईएसआय कापलाच जात नाही त्यांना मात्र या दोन्हीतलं काही नाही. आयटीवाले मला लिहितात तेव्हा हेच सांगावं लागतं आणि मला ते अजिबात पटत नाही, पण आहे ते आहे.

सासूबाईंच्या औषधांची काळजी सोडा. ईएसआय कार्ड नोकरी सुटली त्या दिवशी मरत नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर जानेवारी ते जूनचं औषधपाणी चालतं आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचं. मिस्टर जानेवारीअखेरपर्यंत कामावर होते, म्हणजे ऑक्टोबरपासून ७८ दिवस केव्हाच भरले, त्यामुळे या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत तुमचं कार्ड चाललं पाहिजे. काउंटरवर कुणी "नोकरी नाही ना आता" म्हणून परत पाठवलं तर ही तारीख सांगा आणि पोर्टलवरचं दाखवा.

पीएफचं तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या आठवड्यात विचार येणारच. पीएफ चालवणाऱ्या ईपीएफओने २०२५ च्या ऑक्टोबरात ठरवलंय की नोकरी गेल्यावर पंचाहत्तर टक्के काढता येतील आणि पूर्ण काढायचं तर बारा महिने थांबायचं. लागेल तेवढंच काढा. आणि पेन्शनचा भाग, तो दहा सी फॉर्म, त्याला तर हातच लावू नका. पेन्शनला एकूण दहा वर्षं नोकरी लागते, मिस्टरांची आठ झालीत. ते पैसे आता काढले तर आठ वर्षं पुसली जाणार आणि पुढच्या कंपनीत शून्यापासून. नवीन नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या म्हणजे दोनच वर्षं राहतात. बाहेर पडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर स्वतःच टाकता येते.

राहिलं मिस्टरांचं म्हणणं. त्यांना समजवायला मोठं भाषण देऊ नका, ते चिडलेत आणि चिडायला कारण आहे, आठ वर्षं प्रेसवर उभं राहून तोंडी "येऊ नका" ऐकलंय. नुसती पगाराची स्लिप समोर ठेवा. ईएसआयच्या रकान्यात १३५ रुपये दिसतील, अठरा हजाराचे पाऊण टक्का, दर महिन्याला त्यांच्या पगारातून गेलेत, आणि कंपनीचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ त्यांच्या नावावर वेगळे. २०१९ च्या जुलैच्या आधी तर कामगाराचे पावणेदोन टक्के कापायचे. बाईकचा इन्शुरन्स भरलाय आणि ठोकली गेली तर क्लेम करायला कुणी लाजत नाही ना, मग हा तर स्वतःच्या पगाराचा इन्शुरन्स आहे. सरकारने दिलेला नाही, त्यांनीच भरलेला आहे. तरी नाही म्हणाले तर दोन दिवस जाऊ द्या आणि क्लेमचं बाजूला ठेवा, वर्षभर मुदत आहे. कंपनीला पाठवायच्या अर्जाला मात्र थांबायला वेळ नाही समजा, तो या आठवड्यात गेलाच पाहिजे, आणि तोवर एचआरने बोलावलं तर जाताना एकटे पाठवू नका, लाईनवरचा कुणीतरी सोबत द्या आणि कोऱ्या किंवा तारीख न टाकलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. काही सही करायला लावलंच तर त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि मला तोच पाठवा, मग पुढचं त्यावरून सांगते.